गोंगाटाच्या उगमाचा शोध
(इलेक्ट्रॉनीय मंडलांचे संगणकावरील प्रतिरूपण या विषयावरील व्याख्यानाचा पाठ)



रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मधल्या जागी थांबला म्हणजे जी अखंड खरखर ऐकू येते, ती लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. पुष्कळांची समजूत अशी असते, की ही खरखर म्हणजे यंत्रातील दोष होय आणि यंत्र चांगल्या प्रतीचे असते तर ती मुळीच आली नसती. ही समजूत अर्धी खरी आणि अर्धी चुकीची आहे. खरखरीचा काही भाग खरोखरच टाळता येण्याजोगा असतो. परंतु काही भाग असा असतो, की तो पदार्थाच्या स्वभावातच आहे आणि जगातील कोणताही कारागीर तो पूर्णपणे काढून टाकू शकत नाही. कोणता भाग कशामुळे येतो हे वेगवेगळे करून ओळखणे हे इलेक्ट्रॉनीय अभियांत्रिकीतील एक महत्त्वाचे काम आहे आणि तोच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या हृदयाचा विद्युत् आलेख काढला जातो. लोक त्याला कार्डिओग्राम म्हणतात. हृदयाच्या ठोक्यामुळे त्वचेवर जो विद्युत् दाब प्रकट होतो तो सुमारे १ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या एक सहस्रांश इतका असतो. विजेरीतील एका घटाचा दाब दीड व्होल्ट धरला, तर हा दाब त्याच्या सुमारे पंधराशेवा भाग होतो. एवढ्या क्षीण संकेताची रेघ कागदावर थरथरत उमटली, तर डॉक्टरांना त्यातील बारीक चढउतार वाचता येत नाहीत. अशा वेळी यंत्र वाईट आहे, विवर्धक बदला, नवे यंत्र मागवा, अशी सूचना सहज पुढे येते. ती योग्य असेलही. परंतु थरथरीचा उगम कोठे आहे हे ठरविल्याशिवाय केलेला खर्च पाण्यात जाण्याचा संभव मोठा असतो. रुग्णाला मिळणारे निदान आणि सार्वजनिक पैसा अशा दोन्ही गोष्टी येथे पणास लागलेल्या असतात.

गोंगाटाचे मूळ प्रकार

इलेक्ट्रॉनीय मंडलात नको असलेले जे अनियमित विद्युत् चढउतार असतात त्यांना शास्त्रीय भाषेत गोंगाट म्हणतात, मग ते कानाला ऐकू येवोत वा न येवोत. मंडलाच्या आतच जन्मणारे गोंगाट मुख्यत्वे तीन प्रकारचे आहेत.

पहिला औष्णिक गोंगाट. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत सैरावैरा हालचाल करीत असतात. बाहेरून वीज पुरविली नाही तरीही त्या हालचालीमुळे रोधकाच्या दोन टोकांमध्ये अत्यल्प, क्षणोक्षणी बदलणारा दाब निर्माण होतो. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी प्रयोगाने आणि हॅरी नायक्विस्ट यांनी सिद्धांताने हे दाखवून दिले. दोघांचेही जन्म स्वीडनमधले. त्यांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. जॉन्सन यांनी कार्बन, धातूची तार, क्षारांचे पाण्यातील द्राव असे निरनिराळे पदार्थ घेऊन पाहिले. गोंगाट पदार्थावर नव्हे, तर रोध, तापमान आणि मोजणीसाठी घेतलेल्या कंप्रतांच्या पट्ट्याची रुंदी या तीन गोष्टींवर अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. २७ अंश सेल्सिअस तापमानात १,००० ओहमच्या रोधकात १ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सुमारे ४ नॅनोव्होल्ट गोंगाट असतो. रोध चौपट केला तर गोंगाट दुप्पट होतो.

दुसरा प्रकार शॉट गोंगाट. विद्युत् प्रवाह म्हणजे नळातून अखंड वाहणारे पाणी नव्हे. तो सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा ओघ असतो. पावसाचे थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा जो तडतडाट होतो, तशाच स्वरूपाची ही अनियमितता असते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर शॉट्की यांनी १९१८ साली तिचे गणित मांडले.

तिसरा प्रकार फ्लिकर गोंगाट. याचा जोर कमी कंप्रतांना अधिक असतो आणि कंप्रता वाढत जाईल तसतसा तो उतरत जातो. निर्वात नळ्यांमध्ये तो १९२५ साली जॉन्सन यांच्या ध्यानात आला. पुढे ट्रान्झिस्टर व एकात्मित मंडले आली आणि त्यांतही तो आढळला. हृदयाच्या संकेतासारख्या संथ संकेताला हाच गोंगाट विशेष उपद्रव देतो.

यांखेरीज बाहेरून घुसणारे उपद्रव असतात, उदाहरणार्थ घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, मोटारीच्या ठिणग्या किंवा आकाशातील विजा. हे मंडलाच्या पोटी जन्मलेले नसून पाहुणे असतात, आणि हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

संगणकावरील प्रतिरूपण

पूर्वी मंडलाची परीक्षा करावयाची तर ते लाकडी फळीवर प्रत्यक्ष जोडून पाहावे लागे. एकात्मित मंडले आली, एका लहानशा चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर बसू लागले, आणि चकती तयार झाल्यावर आतील तार सोडवून पाहणे अशक्य झाले. म्हणून मंडल बनविण्यापूर्वीच त्याचे वर्तन गणिताने काढण्याची गरज भासू लागली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातून अशा एका प्रोग्रॅमचा प्रारंभ झाला. पुढे डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी तो वाढविला. १९७३ साली कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत स्पाइस या नावाने तो जगापुढे आला आणि १९७५ साली त्याची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती झाली. विद्यापीठाने हा प्रोग्रॅम सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे तो देशोदेशी पसरला आणि आज वापरात असलेल्या अनेक प्रोग्रॅमांचे मूळ त्यातच आहे.

या प्रोग्रॅमात गोंगाटाचे स्वतंत्र विश्लेषण करण्याची सोय आहे. मंडलात पन्नास रोधक आणि वीस ट्रान्झिस्टर असतील, तर गोंगाटाचे उगम सत्तरांहून अधिक होतात. प्रत्येक उगमासाठी सारे गणित नव्याने करावयाचे तर फार वेळ जाईल. रोहरर, नेगल, मेयर व वेबर यांनी १९७१ साली एक चतुर युक्ती प्रसिद्ध केली. उगमांकडून निर्गमाकडे सत्तर वेळा चालत जाण्याऐवजी, निर्गमाकडून उलट दिशेने एकदाच चालत गेले, की प्रत्येक उगमाचा निर्गमावर किती परिणाम होतो हे एका फेरीत कळते. एखाद्या गावातून निघणाऱ्या सर्व वाटांची लांबी जाणण्यासाठी प्रत्येक वाडीतून गावापर्यंत चालत येण्याऐवजी गावाच्या चावडीवरून सर्व वाटा एकदाच मोजून काढाव्या, तसे हे आहे.

ओढा बंद न करता गाळ थांबविणे

नदीचे पाणी गढूळ झाले आणि तिला मिळणाऱ्या पाच ओढ्यांपैकी गाळ कोणता ओढा आणतो हे शोधावयाचे आहे, असे समजावे. एकेक ओढा बांध घालून अडविला तर गाळ थांबेल, पण त्याबरोबर पाणीही थांबेल. नदीची पातळी बदलेल, प्रवाहाचा वेग बदलेल, आणि इतर ओढ्यांच्या गाळाचा परिणामही पूर्वीसारखा राहणार नाही. खरी परीक्षा व्हावयाची तर ओढ्याचे पाणी पूर्ववत वाहिले पाहिजे आणि त्यातील गाळ तेवढा नाहीसा झाला पाहिजे. प्रत्यक्षात असे करणे कठीण असते. संगणकाच्या गणितात मात्र ते शक्य आहे.

रोधकाचा गोंगाट वेगळा काढण्यासाठी रोधकच काढून टाकला किंवा त्याचे मूल्य बदलले, तर मंडलातील दाब, प्रवाह व विवर्धन ही सर्वच बदलतात आणि निष्कर्ष फसवा निघतो. योग्य रीत अशी, की रोधक जागेवर तसाच ठेवावा आणि त्याचा गोंगाट तेवढा बंद करावा. यासाठी तीन उपाय आहेत. काही प्रोग्रॅमांत रोधकाच्या वर्णनापुढे तो नि:शब्द असल्याची खूण करता येते. तशी सोय नसेल तर त्या एकट्या रोधकाचे तापमान उणे २७३.१५ अंश, म्हणजे निरपेक्ष शून्य, असे द्यावे. उष्णता नाही म्हणून औष्णिक गोंगाटही नाही. मात्र तापमानाबरोबर रोध बदलण्याचा गुणांक दिला असल्यास तो आधी काढावयास हवा. तिसरा उपाय असा, की रोधकाच्या जागी एक नियंत्रित प्रवाह-उगम ठेवावा आणि त्याचा प्रवाह त्याच्याच दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात ठरवावा. तो ओहमचा नियम तंतोतंत पाळतो, परंतु प्रोग्रॅम त्याला रोधक समजत नाही आणि गोंगाट देत नाही. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत त्याच्या वर्णनातील फ्लिकर गोंगाटाचा गुणांक शून्य केला, की तो प्रकार तेवढा बंद होतो आणि ट्रान्झिस्टरचे काम पूर्ववत चालू राहते.

बेरीज कशी करावी

येथे एक मुद्दा नीट समजून घेणे अगत्याचे आहे. भजनात दहा टाळकरी एका तालात टाळ वाजवितात तेव्हा त्यांचे आघात एकमेकांत मिळून जातात. बाजारातील शंभर माणसांच्या गलबल्याचे तसे होत नाही. एकाचा स्वर चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. परस्परांशी संबंध नसलेले गोंगाट असेच असतात. त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या मूल्यांचे वर्ग करून त्या वर्गांची बेरीज करावी लागते आणि तिचे वर्गमूळ घ्यावे लागते. ३ आणि ४ हे दोन गोंगाट एकत्र आले तर ७ होत नाहीत, ५ होतात. १० आणि १ एकत्र आले तर केवळ १०.०५ होतात. या गणिताचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. सर्वांत मोठ्या उगमाला हात न लावता लहान उगम कितीही सुधारले, तरी एकंदर गोंगाट जवळजवळ तेवढाच राहतो.

एका उगमाचा परिणाम मात्र दोन वाटांनी निर्गमापर्यंत पोहोचत असेल, तर त्या दोन वाटा एकाच तालातल्या असतात. तेथे आधी चिन्हासह बेरीज किंवा वजाबाकी करावयाची, आणि मग वर्ग करावयाचा. म्हणून हिशेब वाटेनुसार न ठेवता उगमानुसार ठेवावा, हा नियम आहे.

कार्डिओग्रामच्या विवर्धकाचा हिशेब

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे सोयीचे होईल. रुग्णाच्या अंगाला लावलेल्या दोन पट्ट्यांपासून विवर्धकापर्यंत येणाऱ्या दोन तारांमध्ये प्रत्येकी १,००,००० ओहमचा संरक्षक रोधक आहे, असे समजावे. यंत्रात बिघाड झाला तरी रुग्णाच्या देहातून घातक प्रवाह जाऊ नये, यासाठी तो असतो. मोजणीचा पट्टा ०.०५ ते १५० हर्ट्झचा आहे.

प्रत्येक संरक्षक रोधकाचा औष्णिक गोंगाट या पट्ट्यात सुमारे ०.५० मायक्रोव्होल्ट भरतो. विवर्धकाचा स्वत:चा दाब-गोंगाट, फ्लिकर धरून, ०.१५ मायक्रोव्होल्ट आहे आणि त्याचा प्रवाह-गोंगाट दोन्ही संरक्षक रोधकांतून जाऊन एकंदर ०.१७ मायक्रोव्होल्ट निर्माण करतो, असे धरू या. सरळ बेरीज केली तर १.३२ मायक्रोव्होल्ट येते, पण ती चुकीची आहे. वर्गांची बेरीज करून मूळ घेतले तर उत्तर ०.७४ मायक्रोव्होल्ट येते. वर्गांच्या हिशेबात दोन संरक्षक रोधकांचा वाटा सुमारे ९१ टक्के, विवर्धकाच्या प्रवाह-गोंगाटाचा ५ टक्के आणि दाब-गोंगाटाचा ४ टक्के आहे.

या अवस्थेत कोणी निम्म्या दाब-गोंगाटाचा महागडा विवर्धक आणून बसविला, तर एकंदर गोंगाट ०.७४ वरून ०.७३ वर येईल. एवढ्या फरकासाठी केलेला खर्च कोणत्याही हिशेबतपासनिसाला पटणार नाही.

संरक्षक रोधक जवळजवळ शून्य ओहम करून परीक्षा घेतली, तर उरलेला गोंगाट ०.१५ मायक्रोव्होल्ट दिसतो आणि बाकी सारे रोधकांमुळेच होते, असा ग्रह होतो. परंतु रोधक नि:शब्द करून तसेच ठेवले तर उरलेला गोंगाट ०.२३ मायक्रोव्होल्ट येतो. हा फरक कोठून आला? विवर्धकाचा प्रवाह-गोंगाट रोधकातून गेला तरच दाबाचे रूप घेतो. रोधक नाहीसा होताच तोही लपला आणि त्याचा दोष रोधकाच्या माथी गेला. ओढा अडविल्यामुळे होणारी फसवणूक ती हीच.

घटकाच्या जागेचेही महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. तेवढ्याच, म्हणजे १,००,००० ओहमच्या रोधकाचा तेवढाच गोंगाट शंभरपट विवर्धनानंतरच्या टप्प्यात मिसळला, तर मूळ संकेताच्या तुलनेत तो शंभरांश, म्हणजे ०.००५ मायक्रोव्होल्ट एवढाच भासतो. प्रवेशद्वारापाशी ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तोच घटक पुढच्या टप्प्यात निरुपद्रवी ठरतो. म्हणून प्रोग्रॅमने दिलेल्या यादीत प्रत्येक उगमाचे मूळ मूल्य न पाहता त्याचा निर्गमापर्यंत पोहोचणारा भाग पाहावा.

दोषी सापडला, पुढे काय?

हिशेबाने संरक्षक रोधकांकडे बोट दाखविले. मग ते लहान करावेत काय? मुळीच नाही. ते रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. उगम कळला म्हणजे तो काढलाच पाहिजे असे नाही. तो सोसण्याजोगा आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. ०.७४ मायक्रोव्होल्ट गोंगाटाची शिखरापासून तळापर्यंतची उंची सुमारे ५ मायक्रोव्होल्ट होते. कार्डिओग्रामच्या कागदावर १ मिलिव्होल्ट दाबासाठी १० मिलिमीटर उंची काढण्याचा प्रघात आहे. त्या प्रमाणात हा गोंगाट ०.०५ मिलिमीटर भरतो, म्हणजे रेघेच्या स्वत:च्या जाडीतच तो हरवून जातो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कागदावर मिलिमीटरभर थरथर दिसत असेल, तर ती १०० मायक्रोव्होल्टची आहे आणि ती मंडलाच्या अंगभूत गोंगाटाची असूच शकत नाही. तिचा उगम बाहेर शोधला पाहिजे. हा शोध घेण्यास महागडे उपकरण लागत नाही. कागद सामान्यत: दर सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो. विजेची गुणगुण दर सेकंदास ५० वेळा कंप पावते. म्हणून भिंगाखाली दर मिलिमीटरला नेमके दोन नियमित कंप मोजता आले, तर तो विजेचा पाहुणा होय. थरथर अनियमित असेल आणि रुग्ण थंडीने किंवा भीतीने कापत असेल, तर ती स्नायूंची आहे. संपूर्ण रेघच सावकाश वरखाली वाहवत असेल, तर श्वासोच्छ्वास किंवा पट्टीचा सैल स्पर्श याकडे पाहावे.

विजेची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि विवर्धक दोहोंतील फरक तेवढाच घेतो, म्हणून ती वास्तविक वजा व्हावयास हवी. परंतु एका पट्टीखालचा लेप वाळला, तर दोन वाटांचा रोध असमान होतो, वजाबाकी अपुरी राहते आणि उरलेली गुणगुण आलेखावर उमटते. एकाच उगमाच्या दोन वाटांचा जो नियम वर सांगितला, त्याचेच हे उदाहरण आहे. पट्टी पुसून ताजा लेप लावणे, तारा एकत्र धरणे आणि भूसंपर्काची तार तपासणे यांनी जे साधते, ते नव्या विवर्धकाने साधणार नाही.

प्रतिरूपणाच्या मर्यादा

संगणक सांगतो ते सर्व खरे, असे मानण्याची प्रवृत्ती बळावत आहे. म्हणून त्याच्या मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट, जे मंडलाच्या वर्णनात लिहिले नाही ते संगणकाला ठाऊक नसते. विजेची गुणगुण, सैल भूसंपर्क, शेजारची मोटार यांचा गोंगाट-विश्लेषणात समावेश नसतो. तो पाहावयाचा असेल तर ५० हर्ट्झचा उगम मुद्दाम जोडावा लागतो.

दुसरी, विवर्धकाची जी संक्षिप्त प्रतिरूपे वापरली जातात, त्यांत गोंगाट खराच मांडलेला असेल याची शाश्वती नसते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विख्यात प्रतिरूपात आतील रोधक विवर्धन व वेग जुळविण्यासाठी निवडलेले होते, गोंगाट जुळविण्यासाठी नव्हे. अशा प्रतिरूपावर विसंबले तर नसलेला गोंगाट दिसतो आणि असलेला लपतो. म्हणून प्रथम विवर्धक एकटाच घ्यावा, त्याचा प्रवेश भूसंपर्काला जोडावा आणि येणारे उत्तर उत्पादकाने छापलेल्या आलेखाशी ताडून पाहावे.

तिसरी, काळानुसार चालणाऱ्या साध्या विश्लेषणात घटकांचा गोंगाट मुळीच नसतो. पडद्यावर रेघ गुळगुळीत दिसली, म्हणून मंडल शांत आहे असे समजू नये. उलटपक्षी तेथे कधी बारीक खरखर दिसते, ती आकडेमोडीतील स्थूलतेची असते. स्पाइसमध्ये प्रारंभी मान्य केलेली दाबाची चूक १ मायक्रोव्होल्ट असते, म्हणजे वरील उदाहरणातील साऱ्या गोंगाटाहून अधिक. सहनशीलता कडक केल्यावर खरखर बदलली, तर ती मंडलाची नसून गणिताची आहे असे समजावे.

चौथी गोष्ट पडताळ्याची. सर्व उगम एकेकटे चालू ठेवून आलेल्या उत्तरांच्या वर्गांची बेरीज करावी. ती एकंदर उत्तराच्या वर्गाशी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर एखादा उगम सुटला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे.

उरते त्याचे मोल

हिशेब जुळूनही प्रत्यक्ष मोजणीत काही अधिक उरले, तर ते गालिच्याखाली ढकलण्याचा मोह होतो. इतिहास मात्र वेगळे शिकवितो. बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की यांना समुद्रापलीकडील रेडिओ-दूरध्वनीतील खरखरीचे उगम शोधण्याचे काम सोपविले होते. १९३२ साली त्यांनी ती तीन भागांत विभागली : जवळची वादळे, दूरची वादळे आणि एक मंद, स्थिर सळसळ. पहिल्या दोहोंचा उगम उघड होता. तिसरीचा पाठपुरावा करून १९३३ साली त्यांनी दाखविले, की ती आकाशगंगेकडून येते. रेडिओ-ज्योतिषशास्त्राचा पाया त्या उरलेल्या सळसळीत आहे. पुढे आर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन यांनी आपल्या शृंगाकार आकाशकातील गोंगाटाच्या प्रत्येक वाट्याचा हिशेब लावला, त्यात राहणारी कबुतरेही हुसकावून लावली, तरी सुमारे साडेतीन अंश केल्विनचा गोंगाट उरलाच. १९६५ साली तो विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचा अवशेष म्हणून ओळखला गेला आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या पायातही हीच शिस्त आहे. ताऱ्यांचा संकेत कोणता आणि यंत्राचा किंवा माणसाच्या वस्तीचा गोंगाट कोणता, हे वेगळे केल्याशिवाय तेथे एक पाऊलही पुढे पडत नाही.

शिक्षकांसाठी व कर्मचाऱ्यांसाठी

हे शिक्षण आता खर्चाचे राहिलेले नाही. स्पाइसचे वंशज असलेले प्रोग्रॅम विनामूल्य उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेला ई-सिम हा प्रोग्रॅमही खुला आहे. माध्यमिक शाळेत किंवा तंत्रनिकेतनात एक साधा संगणक असला, की पुढील दोन प्रयोग करता येतात. पहिला : १,००० ओहमच्या एकाच रोधकाचे गोंगाट-विश्लेषण करावे आणि ४ नॅनोव्होल्टचे उत्तर येते की नाही ते पाहावे. दुसरा : रोधकाला १ पिकोफॅरडचे धारित्र जोडावे आणि सर्व कंप्रता मिळून एकंदर गोंगाट काढावा. उत्तर सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट येईल. मग रोध दसपट करावा. उत्तर तेच राहील. रोध वाढला म्हणजे गोंगाट वाढतो, पण पट्टा त्याच प्रमाणात अरुंद होतो, हे विद्यार्थ्यांनी स्वत: शोधून काढले तर त्याहून चांगला पाठ नाही.

कचेरीत खरेदीचे प्रस्ताव तपासणाऱ्यांनी गणित करावे अशी अपेक्षा नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले तरी पुरे आहे. उपद्रवाचे कोणकोणते उगम तपासले? प्रत्येकाचा वाटा किती आढळला? आणि बदलावयाचा घटक त्यांत मोठ्या वाट्याचा आहे काय? आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी यंत्र परत पाठविण्यापूर्वी पट्ट्या पुसाव्यात, लेप ताजा लावावा, भूसंपर्क पाहावा आणि कागदावर दर मिलिमीटरला किती कंप आहेत ते मोजावे. पुढील तक्रारअर्जात ती संख्या लिहिली, तर दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचेल आणि केंद्राच्या दारात वाट पाहणाऱ्या रुग्णाचा आलेख त्याच दिवशी निघू शकेल.